दोनशे कोटींचं होल: वर्महोलमधून माल काढायची एक रात्र

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेममध्ये वर्महोल, म्हणजे दोन लांबच्या ठिकाणांना जोडणारं तात्पुरतं भोक, सापडलं की नवा माणूस विचारतो, "पलीकडं काय आहे?" आमच्या सांगलीच्या ग्रुपमध्ये पहिला प्रश्न वेगळा असतो: "होलवरनं किती वजन गेलंय?" पलीकडं काय आहे ते जाऊन बघता येतं. वजनाचा हिशेब चुकला तर मात्र परत येता येत नाही. जहाज पलीकडं उतरतं आणि मागं होल मिटून गेलेलं असतं.

आयर्विन पूल रोज बघणाऱ्याला हे समजायला वेळ लागत नाही. पूल १९२९ सालचा, अवजड वाहनं त्यावरून सोडत नाहीत. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी किती चढलं तेही आपण तिथंच फुटांत वाचतो, ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका. म्हणजे एक मर्यादा एकेका वाहनाची आणि दुसरी हळूहळू चढत जाणारी. वर्महोललाही अशाच दोन मर्यादा आहेत. एका वेळी एका जहाजाचं किती वजन चालेल ही पहिली. होल मिटेपर्यंत येणारी-जाणारी सगळी जहाजं मिळून किती वजन पेलेल ही दुसरी. त्यावर घड्याळ चालू असतं ते वेगळंच.

प्रवासाचे नियम या गेममध्ये भाग बदलला की बदलतात. सुरक्षा १.० ते ०.५ असलेल्या हाय-सेकमध्ये कॅपिटल युद्धजहाजांना, म्हणजे सगळ्यात अवजड लढाऊ जहाजांना, प्रवेशच नाही आणि तिथं सायनोही, म्हणजे लांबून उडी मारायला लागणारी खूण, पेटवता येत नाही. त्याखालच्या लो-सेक आणि नल-सेकमध्ये कॅपिटल जहाजं सायनोवर उडी मारतात, पण नोव्हेंबर २०१४ पासून त्यांच्यामागं जम्प फटीग लागला आहे, एका उडीनंतर दुसरीसाठी थांबावं लागतं. २०१८ मध्ये आलेल्या अबिसमध्ये सगळा खेळ वेळेचा. फिलामेंट नावाची किल्ली लावून आत जायचं, एक क्रूझर किंवा त्याहून लहान दोन डिस्ट्रॉयर किंवा सगळ्यात लहान तीन फ्रिगेट, आणि तीन कप्पे २० मिनिटांत पार करायचे. वेळ संपली की जहाजाबरोबर पॉडही, म्हणजे पायलटची कुपीही, गेला. वर्महोलचा प्रदेश मार्च २००९ मध्ये आला. साधारण अडीच हजार सिस्टिम, म्हणजे ताऱ्यांची कुटुंबं, एकाही ठिकाणी स्टारगेट, म्हणजे दोन सिस्टिममधलं कायमचं दार, नाही, सायनो पेटत नाही, आणि लोकल चॅटमध्ये तुम्ही बोलल्याशिवाय तुमचं नाव दिसत नाही. तिथं कुणी तुम्हाला "येऊ नका" म्हणत नाही. फक्त वजन मोजलं जातं. आम्हाला हा भाग सगळ्यात प्रामाणिक वाटतो तो यामुळंच.

आमचं घर सी२ वर्गाच्या सिस्टिममध्ये आहे. सी२ ला दोन स्टॅटिक होल असतात, म्हणजे एक मिटलं की तसलंच दुसरं सिस्टिममध्ये कुठंतरी नव्यानं उगवतं. आमचं एक स्टॅटिक बी२७४, ते हाय-सेकला उघडतं. आयुष्य २४ तास, एका जहाजाला मर्यादा ३७.५ कोटी किलो, एकूण पेलायची ताकद २०० कोटी किलो. या २०० मध्ये दहा टक्के इकडं-तिकडं असतं. म्हणजे प्रत्यक्षात होल १८० चं निघेल नाहीतर २२० चं, ते आधी कळत नाही. आकडे आम्ही कोटीतच बोलतो, इंग्रजी मिलियनमध्ये बोललं की रात्री अकराला कुणाचं तरी एक शून्य हटकून चुकतं.

गेममध्ये होलवर 'शो इन्फो' उघडलं तर हे आकडे दिसत नाहीत, वाक्यं दिसतात. त्या वाक्यांचा अर्थ पाठ पाहिजे. वजनाबद्दलचं पहिलं वाक्य स्थिरता फारशी बिघडलेली नाही असं सांगतं, म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद शिल्लक. दुसरं सांगतं की स्थिरता कमी झाली आहे पण धोक्याची पातळी नाही, म्हणजे निम्म्याच्या खाली. तिसरं क्रिटिकल, म्हणजे दहा टक्क्यांच्याही खाली. आयुष्याची वाक्यं वेगळी. शेवटच्या चार तासांत आलेलं होल 'नैसर्गिक आयुष्य संपत आलंय' असं दाखवतं, त्याला आम्ही ईओएल म्हणतो. कुठल्या आकाराचं जहाज जाईल हेही तिथंच लिहिलेलं असतं. मध्यम जहाजांपर्यंतचं होल ६.२ कोटींचं, मोठ्या जहाजांचं ३७.५ कोटींचं, आणि सगळ्यात लहान होल ५० लाखांचं, त्यातून फ्रिगेट आणि डिस्ट्रॉयरच जातात. पलीकडून आलेल्या होलवर मात्र के१६२ एवढंच नाव असतं, त्याचा खरा प्रकार त्याच्या उगमाच्या बाजूला गेल्यावरच कळतो.

वाक्यं वाचायच्या आधी डोळ्यांनीही बरंच समजतं. धडधाकट होल मोठा गोल असतो आणि आत पलीकडच्या आकाशाचा रंग दिसतो. निम्म्याखाली आलं की गोल आकसतो, शेजारी जहाज उभं असेल तर फरक सरळ दिसतो. क्रिटिकल झालं की तो आणखी लहान होऊन थरथरतो. तरीही प्रत्येक उडीनंतर इन्फो उघडून वाचायचंच. डोळ्याला दिसलं म्हणून पुढं गेलं, असं आमच्यात चालत नाही.

त्या रात्रीचं काम साधं होतं. तीन आठवड्यांचा गॅस आणि ग्रहांवरचा माल अ‍ॅस्ट्राहस या आमच्या स्टेशनमध्ये पडून होता, तो जिता या बाजाराच्या सिस्टिमला न्यायचा, येताना इंधनाचे ब्लॉक आणि दारूगोळा आणायचा, आणि मग होल आपल्या हातानं मिटवून टाकायचं. एक जण विश्रामबागेत, एक मिरजेत, एक तासगावात, बोलणं डिस्कॉर्डवर.

पहिली गोष्ट वेळेची. गेमचं घड्याळ यूटीसीवर चालतं, आपल्या मागं साडेपाच तास. रोज ११:०० ला सर्व्हर बंद होतो, म्हणजे आपल्याकडं दुपारी साडेचार. आमचं होल डाउनटाइमनंतर ११:४५ ला, आपल्या सव्वापाचला उघडलं होतं. होलची नोंद करताना बुकमार्कच्या नावातच प्रकार, उघडल्याची वेळ आणि वजनाची अवस्था लिहायची, आणि वेळ गेमचीच लिहायची. भारतीय वेळ लिहिली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी साडेपाच तास जिवंत नसलेल्या होलवर भरवसा ठेवतो. युरोपातली गर्दी आपल्या रात्री साडेअकराच्या पुढं वाढते, म्हणून मालाचं काम नऊ ते अकरात उरकायचं ठरवलं.

मग स्काउट, म्हणजे टेहळणी करणारा. त्याच्या कोव्हर्ट ऑप्स फ्रिगेटचं, लपून फिरणाऱ्या छोट्या जहाजाचं, वजन साधारण १२ लाख, जाऊन येऊन पाव कोटी. क्षुल्लक वाटतं, पण वहीत लिहायचं. त्यानं पलीकडं जाऊन तीन गोष्टी सांगायच्या: सिस्टिम कुठली, होलजवळ कोण बसलंय, आणि तिथून जितापर्यंत सगळा रस्ता हाय-सेकचा आहे का. तिसरी गोष्ट लोक विसरतात. हाय-सेकची काही बेटं आहेत, चारी बाजूंनी लो-सेकनं वेढलेली. होल हाय-सेकलाच उघडलंय म्हणून ऑर्का हे खाणकामाचं आणि मालाचं मोठं जहाज बाहेर काढायचं आणि मग पहिल्या गेटवर कळायचं की पुढं लो-सेक आहे. तोवर होलची २५ कोटींची ताकद खर्च झालेली असते. रूट 'सेफर' वर ठेवून मोजायचा, तो मिळाला तरच पुढं.

ऑर्काचं वजन २५ कोटी. ३७.५ च्या मर्यादेत आरामात बसतं. मालाचं वजन या गेममध्ये धरत नाहीत, हँगर भरलेलं असो की रिकामं, होलला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो बसवलेल्या सामानानं. मायक्रोवॉर्पड्राइव्ह, म्हणजे जहाजाचा वेग वाढवणारं यंत्र, मोठ्या मापाचा असेल तर तो चालू असताना जहाजाचं वजन पाच कोटींनी वाढतं. ऑर्काला लवकर वॉर्पमध्ये, म्हणजे सिस्टिममधल्या अतिवेगवान प्रवासात, न्यायला त्याचा एक फेरा सगळेच मारतात, आणि तीच सवय होलवर नडते. उडीच्या क्षणी तो चालू असेल तर वहीत २५ लिहिलेलं असतं आणि होलनं ३० मोजलेले असतात.

त्याहून मोठी चूक हिग्ज अँकरची. खाणकामाच्या ऑर्काला बरेच जण हा रिग, म्हणजे जहाजात पक्कं बसवायचं सामान, लावतात, कारण लघुग्रहांच्या बेल्टमध्ये जहाज हळू सरकतं आणि पटकन अलाइन होतं, म्हणजे दिशा धरतं. पण हिग्ज अँकर वजन दुप्पट करतो. २५ चे ५० कोटी झाले की होल सरळ नकार देतं. रिग काढला तर तो नष्ट होतो. म्हणून माल नेणारं ऑर्का वेगळं ठेवायचं, किंवा खाणकामाच्या ऑर्काला हिग्ज लावायचाच नाही. फ्रेटरचा, म्हणजे प्रचंड मालवाहू जहाजांचा, तर विचारच नको, त्यांची वजनं ८० कोटींच्या पुढं आहेत. होलमध्ये आत बांधलेलं ड्रेडनॉट, म्हणजे एक कॅपिटल युद्धजहाज, असेल तर ते कायमचं सी२ मध्येच राहतं, विकायचं तर घेणाऱ्यानं तिथं राहायला यायचं.

साडेनऊला ऑर्का बाहेर गेलं, पावणेअकराला परत आलं. मधल्या काळात होलवर एक जण क्लोक करून, म्हणजे जहाज अदृश्य करून, बसून होता. त्याचं काम डी-स्कॅन मारत राहायचं, म्हणजे आसपास कोणती जहाजं आहेत ते बघत राहायचं, ज्याचा पल्ला १४.३ एयू (एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर) असतो, आणि होलमधून कुणी अनोळखी गेलं-आलं तर जहाजाचं नाव टिपायचं. वर्महोलमध्ये लोकलमध्ये नावं दिसत नाहीत, त्यामुळं हा माणूस नसेल तर वजनाची वही अर्धवट राहते. खरं तर पुढचा सगळा हिशेब या एका माणसाच्या लक्षावर उभा असतो, आणि या कामाला ग्रुपमधला सगळ्यात शांत माणूसच बसवायला हवा.

आता मिटवायचं काम. माल घरात आल्यावर हाय-सेकचं दार रात्रभर उघडं टाकलं तर कुणीही शिकारी आत येतो. शिवाय नवं होल जिताच्या जवळ उघडण्याची शक्यता असते. मिटवणं म्हणजे उरलेली ताकद आपल्याच जहाजानं संपवणं, यालाच रोलिंग म्हणतात. त्यासाठी आम्ही एक बॅटलशिप ठेवली आहे, लार्ज हिग्ज अँकर लावलेली. बॅटलशिपचं मूळ वजन साधारण १० कोटी, अँकरनं ते २० होतं. १०० एमएन आफ्टरबर्नर, हेही वेग वाढवणारं यंत्रच, चालू केला की मुळात पाच कोटी वाढतात आणि अँकर त्यांनाही दुप्पट करतो, एकूण ३०. आफ्टरबर्नर बंद तर 'कोल्ड' २०, चालू तर 'हॉट' ३०. दोन्ही आकडे ३७.५ च्या आत. आर्मर प्लेट लावली असेल तर हे थोडे वर सरकतात, म्हणून फिटिंगच्या खिडकीत आपल्या जहाजाचं खरं वजन एकदा बघून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

इथं होलचा एक नियम कामाला येतो. एका जहाजाच्या मर्यादेत बसणारं जहाज, होलमध्ये तेवढी ताकद शिल्लक नसली तरी पार जातं आणि होल त्याच्या मागं मिटतं. म्हणजे शेवटची उडी घराच्या दिशेनं पडली पाहिजे. सगळं गणित एवढ्यासाठी आहे.

ऑर्काचे २५ आणि २५ मिळून ५० खर्च झाले होते, स्काउटचा पाव कोटी वेगळा. पहिली फेरी हॉट जाऊन हॉट परत. जाताना ८०, येताना ११०. आता बघा, १८० च्या होलचं निम्मं ९० ला होतं आणि २२० च्या होलचं ११० ला. म्हणून ८० ला होल आकसता कामा नये आणि ११० झाल्यावर ते आकसलेलं असलंच पाहिजे. ८० लाच आकसलं तर आपल्या नकळत कुणीतरी वजन घालून गेलंय, वही तिथंच बंद करायची आणि पुढं प्रत्येक उडी उरलेलं कमीत कमी आहे असं धरून मारायची. ११० होऊनही आकसलं नसेल तर आफ्टरबर्नर उडीच्या क्षणी बंद होता. कपॅसिटर संपला की तो आपोआप बंद पडतो आणि ३० च्या जागी २० मोजले जातात. त्या रात्री ८० ला होल जसंच्या तसं होतं, ११० ला आकसलं. हिशेब जुळला.

एका फेरीनंतर लगेच दुसरी मारता येत नाही. त्याच होलमधून गेलं आणि परत आलं की जहाज पोलराइज होतं, पाच मिनिटांच्या आसपास तिसरी उडी बंद. घरच्या बाजूला हा वेळ निवांत जातो. बाहेरच्या बाजूला अडकलं तर तीच पाच मिनिटं फार लांब वाटतात. म्हणून पोलराइज व्हायचं ते घरातच. आणखी एक अडचण म्हणजे जड जहाज उडीनंतर होलला चिकटून उतरत नाही, जरा लांब पडतं, आणि उडीसाठी ५,००० मीटरच्या आत यावं लागतं. हिग्ज अँकरनं वेग पाऊण कमी झालेला असतो. परत होलकडं सरकताना बॅटलशिप उघड्यावर असते, तेवढा वेळ पलीकडं स्काउट पाहिजेच.

दुसरी फेरीही हॉट-हॉट. जाताना १४०, येताना १७०. आता खरा निर्णय. मिरजेतून विचारणा झाली, "दादा, क्रिट दाखवतंय का?" तासगावातून उत्तर, "नाही. थांब, परत वाचतो. नाही, अजून दुसरंच वाक्य आहे."

त्या एका वाक्यावर पुढची उडी ठरते. १७० खर्च झाल्यावर क्रिटिकल दाखवत असेल तर होल १८९ पेक्षा कमी ताकदीचं होतं, म्हणजे उरलेत १० ते १९. तिथं कोल्ड बॅटलशिपनं २० घेऊन बाहेर पडायचं म्हणजे दार मागं लावून घ्यायचं. अशा वेळी हेवी इंटरडिक्टर हे खास क्रूझर काढतात. त्याला झिरो-पॉइंट मास एन्टँगलर नावाचं मॉड्यूल बसतं, ते चालू असताना जहाजाचं वजन खूप कमी होतं. हलकं होऊन बाहेर जायचं, तिथं एन्टँगलर बंद करून १०० एमएन आफ्टरबर्नर चालू करायचा, आणि सहा कोटींच्या वर वजन घेऊन घरी यायचं. १९ उरले असतील तर अशा तीन फेऱ्या लागतात आणि मध्ये पोलराइजचं थांबणं. हेवी इंटरडिक्टर नसेल तर क्रिटिकल होल तसंच सोडून द्यावं. मोठं जहाज घेऊन आत शिरायला कुणी सहसा धजत नाही.

क्रिटिकल दाखवत नसेल तर होल १८९ च्या वरचं, उरलेत १९ ते ५०. मग कोल्ड २० घेऊन बाहेर आणि हॉट ३० घेऊन आत, बेरीज ५०, होल मिटलंच पाहिजे. यात १८९ ते १९० च्या मधली एक कोटीची फट राहते, आणि प्लेटमुळं जहाज २०.३ चं असेल, स्काउटचा पाव कोटी असेल, तर ती फट जरा रुंदावते. ती फट आम्ही स्वीकारतो, कारण पलीकडं हाय-सेक आहे. दार मागं लागलं तरी बॅटलशिप पोलिसांच्या हद्दीत असेल, दुसरा रस्ता सापडेपर्यंत स्टेशनात उभी राहील. पलीकडं सी५ वर्गाचं धोकादायक वर्महोल असतं तर हीच उडी आम्ही मारली नसती.

अडकायची वेळ आलीच तर उपयोगी पडतो तो प्रोब लाँचर. होल शोधणारे कोअर प्रोब आठ सोडायचे, सिग्नेचर, म्हणजे होलचा पुसट संकेत, १०० टक्के होईपर्यंत आवळत आणायचं, तेव्हाच होलवर वॉर्प करता येतं. वर्महोलमध्ये प्रोबशिवाय अडकलेल्या माणसाला पॉड फोडून आपल्या क्लोनमध्ये जागं होणं एवढाच मार्ग उरतो, जहाज तिथंच सोडून. म्हणून रोलिंगच्या बॅटलशिपवरही लाँचर बसवलेला असतो, त्यासाठी एक बंदूक कमी झाली तरी चालेल.

आपल्याकडची आणखी एक अडचण वीज आणि इंटरनेट. उडीनंतर कनेक्शन तुटलं तर जहाज आपोआप लांब वॉर्प करतं आणि लढाईचा टायमर नसेल तर मिनिटाभरात अवकाशातून नाहीसं होतं. जहाज वाचतं, पण होल वाट बघत नाही. राउटर इन्व्हर्टरवर असल्याशिवाय आणि फोनचं हॉटस्पॉट तयार असल्याशिवाय रोलिंगला बसू नये, निदान जूनपासून सप्टेंबरपर्यंत तरी नक्कीच.

कोल्ड उडी गेली. १९०. पलीकडं बॅटलशिप होलपासून ५,००० मीटरच्या जरा बाहेर पडली, आफ्टरबर्नर चालू झाला, कपॅसिटर ६० टक्के. इकडच्या बाजूनं होल आता थरथरत होतं आणि इन्फोमध्ये तिसरं वाक्य आलं होतं. "आफ्टरबर्नरची कडी हिरवी आहे का बघ, मग उडी मार." दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग होलचा तो खोल आवाज, आणि गोल आत ओढला जाऊन दिसेनासा झाला. बॅटलशिप आमच्या बाजूला उभी होती.

जुना बुकमार्क पुसला. स्कॅनरच्या खिडकीत नवी सिग्नेचर आली होती. स्काउटनं प्रोब सोडले, आणि वहीत नव्या पानावर वर २०० लिहिलं.